निवळलेलं पाणी गोडं असतं का?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे पेणजवळ खारेपाटातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना 'मिश्रणे वेगळी करणे' शिकवायचं ठरलं, तेव्हा माझी पंचाईतच झाली. डिकँटेशनला मराठीत काय म्हणतात? फळ्यासमोर अडकले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ताई, निवळलं की वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, तेच ना? आई रोज करते." झालं, धडा तिथूनच सुरू केला.

पेण म्हणजे गणपतींचं गाव, शाडूची माती मागायचा अवकाश! गोडं पाणी मात्र मी रोह्याहून कॅन भरून दिवा-रोहा गाडीने नेलं होतं. दोन पारदर्शक बाटल्यांत तेच पाणी, प्रत्येकी एक चमचा शाडू. एकीत वर दोन चमचे मीठ. खूप हलवलं आणि विचारलं, आधी कुठली निवळेल? सगळे ओरडले, "साधी!" (खरं सांगायचं तर आदल्या रात्री रूमवर ट्रायल घेईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.) पण आधी निवळली ती मिठाची. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले सोडियमचे आयन हे ढकलणं कमी करतात, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तुरटीचं काम असंच, पण ती चिमूटभर पुरते.

मग ते काचेसारखं पाणी फडक्याने गाळून त्याचे थेंब स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवले. पाणी उडालं, पांढरा डाग राहिला. तो बघून तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या बोअरचं पाणी कितीही गाळलं तरी खारंच राहणार?"

हो. विरघळलेलं मीठ फडक्यातून आरपार जातं. मिठागरात मीठ ठेवून पाणी उडू देतात, आपल्याला ते उडालेलं पाणी धरायचंय. पातेल्यात खारं पाणी, मधोमध रिकामी वाटी, वर प्लॅस्टिक ताणून बांधलं आणि बरोबर वाटीच्या वर एक खडा ठेवला. दुपारपर्यंत वाटीत चार चमचे पाणी जमलं. ताटलीत वाळवलं, डाग नाही. वर्गात टाळ्या!

"आणि हंडाभर हवं असेल तर? गॅसवर उकळून?" पुन्हा तीच.

हिशोब फळ्यावरच केला. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल, आधी तापवायला आणखी 300 च्या आसपास. हंडा 15 लिटरचा धरला तर 38 मेगाज्यूल. एक किलो गॅसमधून 46 मेगाज्यूल निघतात, पण शेगडीवर त्यातले साठ टक्के पाण्याला मिळाले तरी खूप. म्हणजे एका हंड्याला जवळजवळ 1.4 किलो गॅस. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये दहा हंडे.

"आमच्या घरी दिवसाला चार लागतात," ती म्हणाली.

आमच्या रोह्याला कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं, त्यामुळे हंडे मोजायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. परत निघताना कॅनमध्ये दोनेक लिटर पाणी उरलं होतं. ते ओतून द्यायला निघाले, तर तिने कॅन हातातून घेतला आणि वर्गाच्या माठात रिकामा केला.