पाठ ७ : सायकल कामाची की मानाची?

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे गट दिसतात. तिथेही उच्च-नीच असतेच. बारीक टायरची रोड बाइक चालवणारा जाड टायरच्या सायकलीला हसतो. गिअरवाला बिनगिअरच्या सायकलीकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी आपली चांगली चालणारी सायकल आपल्यालाच कमीपणाची वाटू लागते आणि मग बचतीला हात लागतो.

आधी काम पाहा

• साधी काळी सायकल : कॅरिअर, स्टँड, मडगार्ड सोबतच येतात. दुधाचे कॅन असोत की जेवणाचे डबे, ओझे वाहण्यास उत्तम. दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात होते.

• जाड टायरची सायकल : कच्च्या, खडकाळ रस्त्यासाठी. डांबरी रस्त्यावर मात्र तिला जास्त जोर लावावा लागतो.

• रोड बाइक : चांगल्या रस्त्यावर वेगवान. कॅरिअर, मडगार्ड बहुधा नसतात.

रोज चढ चढावा लागत असेल तर गिअर हवेतच. तो खर्च गरजेचा आहे. सपाट रस्त्याने ३ किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याला मात्र २१ गिअर कशाला?

मग हिशेब करा

समजा, साधी सायकल ७,००० रुपयांना आणि गिअरची २५,००० रुपयांना मिळते. फरक १८,००० रुपयांचा. पोस्टाच्या ५ वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा ३०० रुपये भरले, तर ६० महिन्यांत नेमके इतकेच जमतात, व्याज वेगळे. म्हणजे पाच वर्षे काटकसर करून साठवलेले पैसे एका दुपारी दुकानात जातात. घरात आजारपण आले तर हेच पैसे उपयोगी पडले असते.

हप्त्यावर घेणार असाल तर कर्ज देणाऱ्याकडून मुख्य तथ्य विवरणपत्र आधी मागून घ्या. व्याज आणि शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो, ते त्यात दिलेले असते. हेल्मेट, कुलूप आणि सर्व्हिसिंगचा खर्चही हिशेबात धरा.

लक्षात ठेवा : हसणारा पुढच्या वळणावर विसरून जातो, हप्ता मात्र दरमहा आपल्यालाच भरावा लागतो.

करून पहा : घ्यायच्या एखाद्या वस्तूचे नाव वहीत लिहा. तिची किंमत आणि कामापुरत्या साध्या वस्तूची किंमत यांतील फरक काढा. तो जमवायला तुम्हाला किती महिने लागतील? उत्तर घरच्यांना दाखवा आणि मगच ठरवा.