नियम आणि तत्त्व : प्रा. जॉन ड्युई यांच्या वर्गातील नीतिशास्त्र

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वसतिगृहातील लहान विद्यार्थ्यालाही मुखोद्गत असते. परंतु कोलंबिया विद्यापीठात ते कोणाकडून काय शिकले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्राबरोबरच त्यांनी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्युई यांची नीतीचे मानसशास्त्र आणि नैतिक व राजकीय तत्त्वज्ञान या विषयांवरील व्याख्याने ऐकली.

ड्युई यांचा जन्म १८५९ चा. मिशिगन, शिकागो आणि नंतर कोलंबिया असे त्यांचे अध्यापन चालले. १९०८ मध्ये जेम्स टफ्ट्स यांच्यासमवेत त्यांनी नीतिशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध केला. सहानुभूती म्हणजे दया नव्हे. आपल्या कृतीचे परिणाम ज्याला भोगावे लागतात, त्याच्या जागी उभे राहून त्या कृतीकडे पाहणे होय, हा त्यांच्या विचाराचा गाभा. नियम आणि तत्त्व यांतील भेदही त्यांनी तेथे स्पष्ट केला. नियम काय करावे ते सांगतो; तत्त्व कसा विचार करावा ते सांगते, आणि म्हणून जबाबदारी माणसावर टाकते.

१९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी हाच भेद धर्मचिकित्सेसाठी वापरला आणि ड्युई यांचे ऋणही नमूद केले. तथापि, शिष्याने केवळ घेतले असे समजणे अन्यायाचे ठरेल. जातीने माणसाची सहानुभूतीच आपल्या जातीपुरती आखून टाकली आहे, हे निदान बाबासाहेबांचे. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी करुणेच्याही पलीकडे, सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणारी मैत्री मांडली. ड्युई १ जून १९५२ रोजी निवर्तले. ५ जूनला कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. गुरुशिष्यांची भेट थोडक्यात हुकली.

नियम आणि भावना यांतील अंतर मराठवाड्याने रक्ताने मोजले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. ठराव रीतसर होता; गावांचे मन मात्र होते तेथेच होते. वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले.

हे सारे परक्यांविषयी झाले. आपल्या घराचे काय? निवासी शाळेत सर्वांनी एका पंगतीत जेवावे असा नियम असतो आणि मुले तो विनातक्रार पाळतात. दिवाळीच्या सुटीत तीच मुले नांदेड-लातूरकडच्या आपापल्या गावी जातात, तेव्हा पंगतीचा नियम त्यांच्यासोबत जात नाही. तेथे मातंग, चर्मकार किंवा पारधी वर्गमित्र मुक्कामाला आला, तर त्याचे ताट स्वयंपाकघरात मांडले जाते की ओट्यावर, हे पालकांनी आम्हा शिक्षकांना एकदा मोकळेपणाने सांगावे.