पुस्तक उसवण्यापूर्वी

जुन्या ग्रंथाचे पान स्कॅनरच्या काचेवर सपाट ठेवावयाचे, तर त्याची बांधणी आड येते. म्हणून पुठ्ठा काढून पाने सुटी करणे अनेकांस सोयीचे वाटते. परंतु ग्रंथ उसवणे आणि कापणे या अगदी भिन्न क्रिया होत.

छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून फर्मा तयार होतो व तो घडीतून दोऱ्याने शिवला जातो. पुठ्ठ्याला जोडणारा कागद सांध्यापाशी कापून, पाठीवरचा वाळलेला सरस खळीने मऊ करून खरवडला आणि घडीच्या आतील दोरे तोडले, म्हणजे फर्मे एकेक करून सुटतात. काम संपल्यावर ते पुन्हा शिवता येतात. कापणीयंत्राने पाठ छाटली, तर मात्र घडीच नाहीशी होते आणि आतील समासाचा काही भाग कायमचा जातो.

कागदाची परीक्षाही आवश्यक आहे. १८०७ साली मोरित्झ इलिग यांनी तुरटी व राळ वापरून कागदाला खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे लाकडाचा लगदाही आला. अशा कागदात आम्ल वाढते व तो ठिसूळ होतो. म्हणूनच चिंध्यांच्या कागदावरील जुना ग्रंथ पुष्कळदा त्यानंतरच्या ग्रंथाहून टणक आढळतो. ठिसूळ कागद घडीतच तुटतो. तो पुन्हा शिवण्याची आशा धरू नये.

अमेरिकेतील ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे सूक्ष्मपट घेऊन मूळ अंक मोडीत काढले. त्या सूक्ष्मपटांत गाळलेली व अस्पष्ट पाने असल्याचे निकोल्सन बेकर यांनी २००१ साली आपल्या ‘डबल फोल्ड’ या ग्रंथात दाखवून दिले. तोवर मूळ अंकाकडे परतण्याची वाट बहुतेक ठिकाणी बुजली होती.

मराठीत ही चिंता अधिक जवळची आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. तेव्हापासून १८६७ पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. त्यांपैकी एखाद्याची हाती असलेली प्रत अखेरचीही असू शकेल. म्हणून शं. ग. दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळाच्या ग्रंथसूचीत आवृत्ती पडताळावी व अन्य ग्रंथालयांत दुसरी प्रत शोधावी. ती न मिळाल्यास पुस्तक व्ही-आकाराच्या आधारावर अर्धवट उघडून वरून छायाचित्रे घ्यावीत. वेळ अधिक लागेल, परंतु ग्रंथ शाबूत राहील.

उसवणे अटळच असेल, तर पानांचा क्रम आधी नोंदवावा, प्रत्येक प्रतिमा मूळ पानाशी ताडून पाहावी आणि सुटे फर्मे पुठ्ठ्यासह बांधून जपावेत. प्रतिमेतील चूक सुधारता येते ती मूळ पान उरले असेल तरच.