बैठक बोलावण्याआधी

पोरी, दोघांची बैठक कशी घ्यायची हे विचारायला तू आलीस. ते मी सगळ्यात शेवटी सांगणार आहे. या कामात बैठक शेवटीच येते, आणि बऱ्याच प्रकरणांत ती होतच नाही, व्हायलाही नको.

तुला शिकवतात तो पुनर्स्थापक न्याय ऐकायला सोपा आहे. ज्याने इजा केली त्याने ती कबूल करायची, जिला झाली तिने आपल्याला काय हवं ते सांगायचं, आणि भोवतीच्या माणसांनी ते पुरं होईल हे बघायचं. पण वरवर अशीच दिसणारी एक गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत फार जुनी आहे. ती म्हणजे तडजोड. पंच बसतात, मुलीचा बाप एकीकडे, पोराचा बाप दुसरीकडे. दंड ठरतो. कुठे बकरा कापला जातो, कुठे दारू येते, कुठे त्याच पोराशी लग्न लावून देतात. पोरगी तेवढा वेळ घरात असते, तिला कुणी काही विचारलेलं नसतं. दंडाचा पैसा जातीकडे जातो नाहीतर बापाकडे. म्हणून पहिली गोष्ट पक्की धर: ‘मिटवून टाकू’ हे शब्द जिथे निघाले, तिथून उठून यायचं. तू बसून राहिलीस तर ‘ताई पण होत्या की’ असं उद्या सांगितलं जाईल.

2007 साली आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाचे, पाण्याचे, भावाभावांचे किती वाद त्या समित्यांनी गावातच सोडवले, त्याचं मोल मी मानते. पण बलात्कार हा तंटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट बजावलं की अशा गुन्ह्यात तडजोडीचा विचारही करता येणार नाही. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने कोर्टांनाच सांगितलं की आरोपी आणि पीडितेची भेट घडवणं, लग्न किंवा समझोता सुचवणं या गोष्टी करू नका. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही फौजदारी खटल्यांना बाहेर ठेवलं आहे. त्यामुळे आपलं काम खटल्याच्या जागी उभं राहत नाही, त्याच्या शेजारी उभं राहतं. हे ज्याला पटत नाही त्याच्याबरोबर जोडी करू नकोस.

आता देसाईगंजचं ऐक. वडसा म्हणतो आपण, झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं गाव. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता, चंद्रपूरच होतं. 26 मार्च 1972 च्या रात्री एक आदिवासी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी मुलगी भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आली होती. बाकीच्यांना बाहेर काढून तिला मागे ठेवलं गेलं आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. तिचं नाव पुस्तकांत छापलेलं आहे, तरी मी ते घेत नाही, तूही घेऊ नकोस. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, ओरडल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती असणार, असा तो हिशेब. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालय तेच गृहीत धरेल, हे त्यात आलं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं, तेही तेव्हाच.

सगळ्या देशाचा कायदा आपल्या मातीतल्या पोरीमुळे बदलला, आणि तिच्या पदरात मात्र काही पडलं नाही. हे दोन्ही ध्यानात ठेव. आणि कामापुरतं यातून एवढं घे: ‘ओरडली का नाहीस’, ‘तिथे गेलीस कशाला’, ‘आधी का नाही सांगितलंस’, हे प्रश्न तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. भीतीने अंग थिजतं. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. तू विचारायचं ते इतकंच: आत्ता काय हवंय? कोण जवळ हवंय? कोण नको?

कुणी पहिल्याच दिवशी तुझ्याकडे आली तर न्यायाच्या गोष्टी बाजूला ठेव आणि घड्याळाकडे बघ. एचआयव्ही टाळण्याची औषधं आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी, जितक्या लवकर तितकं बरं. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर. भामरागडहून पावसाळ्यात नाले भरले की विचारूच नकोस. म्हणून जवळच्या रुग्णालयातच जायचं. सरकारी असो की खाजगी, पहिले उपचार फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे धुवू नयेत, कागदात गुंडाळून न्यावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. तपासणी तिच्या होकाराशिवाय होत नाही. आणि दोन बोटांची ती घाणेरडी चाचणी कुणी करू लागलं तर तिथेच अडव. केंद्राच्या 2014 च्या सूचनांनी ती बंद केली आणि 31 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. आपल्याच विदर्भातल्या, सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी यासाठी अहवाल लिहून लढा दिला.

मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बायांचं आणखी वेगळं. मुकादमाने तिकडे हात टाकला, इकडे आल्यावर ठाणेदार म्हणतो, हद्द आमची नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी संहितेत हद्द न बघता गुन्हा नोंदवणं लिहूनच आलं आहे. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. छळ बलात्कारापर्यंत गेलेला नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याची. मुकादमाच्या टोळीलाही ती लागू आहे. तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. त्या कायद्यात समेट आहे, पण बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर नाही. तुझं शिक्षण कायद्याच्या चौकटीत उघडपणे वापरता येईल अशा थोड्या जागांपैकी ही एक.

ऐकण्याबद्दल आता. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वासा आणि अमिर्झा या गावांतल्या बायांची तपासणी केली, ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. 92 टक्के बायांना आतले आजार होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. बाई किती सोसते आणि किती बोलत नाही, याचं याहून मोठं शिक्षण मला माहीत नाही. म्हणून घाई नको. घरात खाटेवर बसून विचारलंस तर सासू ऐकते, अंगणात शेजारीण. मोहफुलं वेचताना, रोवणीच्या बांधीवर, नदीवर जाताना बाई बोलते. कामाला हात लाव आणि गप्प राहा.

ती माडिया भाषेत बोलली तर तिच्याच शब्दांत लिही, मराठीत सभ्य करू नकोस. दुभाषी लागली तर आरोपीच्या कुळातली नको, पाटलाच्या घरची नको, आणि मुलगी आईसाठी दुभाषी तर कधीच नको. वही कुलपात. मोबाइलमध्ये फोटो नाही, नाव नाही, गावाचंही नाव नाही.

आणि ऐकायला बसण्याच्या आधी, नंतर नाही, तिला सांगायचं: तू अठराच्या आतली असशील तर जे सांगशील ते मला कळवावंच लागेल. 2012 चा पॉक्सो कायदा प्रत्येकाला बांधतो, न कळवणं हाच गुन्हा आहे. पोरीने विश्वासाने सांगावं आणि दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहावी, यासारखा दगा नाही. लहान मुलींच्या बाबतीत समोरासमोर बसवण्याचा विचारही मनात आणायचा नाही. आश्रमशाळा, वसतिगृह, काहीही असो. तिथे बाल कल्याण समिती आहे, कायद्यानेच दिलेली सहाय्यक व्यक्ती आहे. तू तिची सोबत हो, तेवढंच.

ज्याने केलं त्याच्याशी बोलणं हे वेगळं शिक्षण आहे. ते तू एकटीने करायचं नाही आणि पीडितेशी बोलणाऱ्या माणसाने तर नाहीच. न्यूझीलंडमध्ये ‘प्रोजेक्ट रिस्टोअर’ नावाचं काम 2005 पासून फक्त लैंगिक इजेच्या प्रकरणांत चालतं. तिथे एकजण तिच्या बाजूने, एकजण त्याच्यासोबत आणि तिसरा बैठक सांभाळणारा अशी तिघांची रचना असते. आपल्याकडे एकच ताई तिन्ही ठिकाणी बसते, आणि म्हणूनच फसते. त्या पुरुषाचं बोलणं नीट ऐक. ‘दारूच्या तारेत झालं’, ‘तीच हसली होती’, ‘चुकून हात लागला’, यातलं एकही वाक्य शिल्लक असेपर्यंत त्याला तिच्यासमोर न्यायचं नाही. पाया पडणं, रडणं, याला कबुली समजू नकोस. काय केलं, कधी केलं, तिचं त्याने काय गेलं, हे त्याला स्वतःच्या तोंडाने, कुणी न सुचवता सांगता आलं पाहिजे. आणि त्यालाही आधी सांगायचं की तो जे बोलेल त्याला आपल्या कायद्यात संरक्षण नाही, तुलाही साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. म्हणून खटला चालू असताना बैठक नाही. शिक्षेनंतर, किंवा सज्ञान बाईने सगळे रस्ते समजून घेऊन स्वतः मागितली, तरच. आणि तेव्हाही वकिलाला विचारून.

एवढं होऊन ती बसायला तयार असेल, तर हे. दाराजवळची जागा तिची. आधी कोण बोलणार ते ती ठरवेल. थांबण्याची खूण तिची, आणि खूण झाली की कारण विचारायचं नाही. माफी मागितली गेली तर माफ करण्याची सक्ती नाही, आणि ‘आता मन मोठं कर’ असं म्हणणाऱ्याला बाहेर पाठवायचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतात, एकाचाही विरोध असेल तर गाव थांबतं. ते मला फार मोलाचं वाटतं. पण आपल्या बैठकीत सर्वसहमती शोधायची नाही. पंचवीस माणसांचं ‘हो’ एका पोरीच्या छातीवर बसतं. तिथे तिचं एकटीचं ‘नाही’ पुरेसं आहे. मेंढ्याकडून घ्यायचा तो अभ्यासगट: निर्णयाचं ओझं न ठेवता आधी नुसतं समजून घ्यायला बसणं. गावातल्या पुरुषांबरोबर असे गट वर्षभर चालव, प्रकरण घडायची वाट बघू नकोस.

खरं मोठं काम आरोपीला सोडून आहे. बोट दाखवणारं गावही तिचं देणं लागतं. जातीबाहेर टाकलं असेल तर 2017 पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, ते पंचांना शांतपणे सांग. बुडालेली मजुरी, सुटलेली शाळा, तेंदूपत्त्याच्या फडीवर तिच्याशेजारी कुणी न बसणं, हे सगळं भरून काढता येतं. त्याला तिच्याशिवाय कुणाच्या परवानगीची गरज नाही. पीडितांना मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, तो भरून घे. आणि जाऊन विसरू नकोस. मिरचीहून बाया परतल्या, रोवणी संपली, की पुन्हा जा.

या कामाला वाचलेली माणसं पुष्कळ मिळतात. एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवतीत माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या, तिथल्याच बाया मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय यातलं काहीही तिथे पोचणार नाही. तुझ्या ओळखीत अशी कुणी असेल, बारावी झालेली नसली तरी चालेल, तिला पुढच्या शिबिराला सोबत घेऊन ये.