दुसरी डिस्क साताऱ्याला

पोरा, ऑफिसचा बॅकअप आता तुझ्याकडे आलाय. मशीन आणि बॅकअपची डिस्क एकाच इमारतीत असली की पुरात दोन्ही एकदम जातात. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये तिथं कृष्णा 57 फुटांवर गेली आणि नगर वाचनालयातली कितीतरी जुनी पुस्तकं भिजून गेली. त्याआधी 2005, नंतर 2021. म्हणून दुसरी प्रत साताऱ्याच्या घरी राहू दे. तिथं कृष्णा माहुलीवरून, शहराबाहेरून जाते.

आता प्रत कशी करायची ते नीट ऐक. आपल्या बॅकअपमध्ये रोजचा फोल्डर वेगळा दिसतो, पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. बाकीच्या दिवसांची नावं हार्डलिंकनं तिलाच जोडलेली असतात. साध्या कॉपीला हे कळत नाही. ती प्रत्येक नावाची वेगळी फाइल करते आणि नवी डिस्क अर्ध्यातच भरते. आरसिंकला डॅश मोठा एच दिला की लिंक टिकतात, पण त्यांचा हिशेब ते रॅममध्ये ठेवतं. फाइली कोटीच्या घरात गेल्या की मशीन रांगायला लागतं. तेव्हा आख्खी फाइलसिस्टिमच उचलायची. अनमाउंट कर, मग डीडीनं ब्लॉकमागून ब्लॉक उतरव. माउंट असताना डीडी कधीच करू नकोस, अर्धं जुनं अर्धं नवं उतरतं. सेकंदाला 150 एमबी धरले तर 4 टीबीला साडेसात तास लागतात. संध्याकाळी लाव, सकाळी बघ.

डीडीत इनपुट-आउटपुट उलटं झालं तर बॅकअपच पुसला जातो. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून डिस्कवर छापलेला सीरियल नंबर स्क्रीनवरच्याशी जुळव, मगच एंटर दाब. प्रतीचा यूयूआयडीही मूळ डिस्कचाच येतो. दोन्ही डिस्क एकदम माउंट करू नकोस. एक्सएफएस नकार देतं, पण बीटीआरएफएसमध्ये डेटा बिघडू शकतो. जुनी डिस्क वाचताना एरर देत असेल तर डीडीरेस्क्यू वापर. ते आधी चांगला भाग काढून घेतं, खराब सेक्टरकडे नंतर वळतं.

प्रत झाली की मूळ डिस्क काढून ठेव. प्रत नुसती वाचण्यापुरती माउंट कर, जुन्या तारखांच्या फाइली उघडून बघ, चेकसम जुळव. न तपासलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही.

आणि दोन्ही डिस्क एका गाडीतून नेऊ नकोस. मे महिना संपायच्या आत साताऱ्याची डिस्क साताऱ्यात पोचव.