करंबिट नको, वेताची काठी घे

अमरावती
श्रावण शुद्ध पंचमी

चि. मनूस,


तुझा निरोप आणि सोबतचे तीन फोटो मिळाले. फोनवर बोललो असतो, पण या विषयावर मला जरा सविस्तर लिहायचं होतं, आणि फोनवर तू मधेच "बरं बरं मामा" म्हणून विषय संपवतेस. म्हणून पत्र.

अकोल्याला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून तू अर्निस ही फिलिपिन्सची युद्धकला शिकायला लागलीस याचा मला मनापासून आनंद झाला. शिक्षक आता स्वतःचं एक हत्यार घ्या म्हणतात, आणि करंबिट, बालिसाँग आणि काठी यांतून तुझं मन करंबिटवर बसलं आहे. प्रयोगशाळेतून संध्याकाळी उशिरा निघावं लागतं, रस्त्यावर अंधार असतो, पर्समध्ये काहीतरी असावं असं वाटतं. ही भीती खोटी नाही आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. माझं उत्तर मात्र आधीच सांगतो : काठी घे. करंबिट मागवू नकोस. मागवलं असशील तर परत कर.

करंबिट फोटोत देखणं दिसतं. पण तू शेतीची विद्यार्थिनी आहेस, नीट पाहिलंस तर तो आपल्या विळ्याचाच लहानसा प्रकार आहे हे तुझ्या लक्षात येईल. त्याचं मूळ घर सुमात्रा बेटात, फिलिपिनो शिक्षकांनी ते पुढे आपलंसं केलं. बोट अडकवायची कडी, आत वळलेलं पातं. अशा हत्याराने माणसाला थांबवता येत नाही, फक्त कापता येतं. शिवाय ते वापरायला समोरच्याच्या श्वासाइतकं जवळ जावं लागतं, आणि तुला तर त्याच्यापासून दूर जायचं आहे. बालिसाँगचंही तसंच. फिलिपिन्समधल्या बटांगास प्रांताचा हा दोन मुठींचा चाकू. मनगट झटकून उघडताना फार सुंदर दिसतो. पण तो उघडणं हे बोटांचं बारीक काम आहे. भीतीने घाम फुटला आणि हात थरथरायला लागला की सगळ्यात आधी बारीक कामच बिघडतं. घाबरलेल्या माणसाला कुलपात किल्ली घालता येत नाही, हे तू पाहिलं असशील.

चाकूबद्दल मी एवढं ठाम बोलतो त्याला कारण आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो. श्रावणातला शेवटचा सोमवार, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या देवळाकडे येत होत्या, अकोल्याच्या जुन्या शहरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आमच्या एका मित्राने त्या दिवशी खिशात चाकू ठेवला होता. लाकडी मुठीचा, साधा. कुणाशी जुनी कुरबुर होती आणि तो माणूस गर्दीत समोर आला. धक्काबुक्की झाली. मित्राने नुसता धाक दाखवायला चाकू काढला. मागून लोंढा आला, हात पुढे ढकलला गेला आणि चाकूचं टोक समोरच्याच्या पट्ट्याच्या बकलावर आपटलं. मुठीला अडणी नव्हती. घामाने ओला झालेला त्याचा हात मुठीवरून सरळ पात्यावर घसरला. समोरच्याला ओरखडाही नाही. आमच्या मित्राची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींच्या शिरा आतून तुटल्या. त्याचा हात मी माझ्या उपरण्यात बांधला होता, तेव्हा ती दोन बोटं वाकतच नव्हती. ती पुढे कधीच वाकली नाहीत. आणि चाकू कुणाचा या प्रश्नाला उत्तर एकच होतं, त्यामुळे पोलीस चौकीत बसावं लागलं तेही त्यालाच. आज तो चहाचा कप डाव्या हाताने धरतो.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं वाटेल, तरी वाच. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, तलवार, जंबिया, गुप्ती सगळं त्यात आलं. घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळली आहेत, म्हणून तुझ्या अ‍ॅप्रनच्या खिशातल्या कलम बांधायच्या चाकूवर कुणी आक्षेप घेत नाही. करंबिटचं पातं नऊ इंचांचं नसतं हे मला माहीत आहे. पण ते कलमं बांधायला आणलं असं तू सांगू शकणार नाहीस. शिवाय सणासुदीला आणि निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई हुकूम निघतात, आपल्या अकोल्यात तर ते नवीन नाहीत. तेव्हा चाकूच काय, साधी काठी घेऊन रस्त्यावर फिरायलाही बंदी असते. म्हणजे काठी घे म्हणतो ती सरावासाठी. ती खांद्याला लावून रस्त्याने फिरायचं नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने तुला दिलेला आहे. आधी तो दंड संहितेत कलम 96 ते 106 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 मध्ये आहे. त्यातलं 37 वाचून ठेव. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, असं ते सांगतं. जिवावर बेतलं, बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा अ‍ॅसिडचा हल्ला झाला, तर तो हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जातो, हे 38 मध्ये आहे. ही दोन्ही कलमं एकत्र लक्षात राहू दे. काठीचा मार कमी-जास्त करता येतो : मनगटावर, ढोपरावर, नडगीवर. पात्याला अशी पायरी नसते.

आता काठीकडे येऊ. इथे मला मन मोकळं करून लिहायचं आहे.

मी ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घडलो, ते 1914 साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, अमरावतीत सुरू केलं. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी व्यायाम आणि खेळ करून दाखवले. राजगुरू इथेच शिकून गेले. या मातीत काठी ही काही परकी विद्या नाही. लाठी, फरीगदगा, बोथाटी, बनेठी, पट्टा ही सगळी नावं बडोद्याच्या मुजुमदारांच्या दहाखंडी व्यायाम ज्ञानकोशात सापडतात. दांडपट्टा तर 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. फिलिपिन्सने 2009 साली कायदा करून अर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं, तसंच हे.

अर्निसमधले तुझे बारा वार आणि आमचे वार शेजारी ठेवून पाहा. तुझ्या शिक्षकांचा पहिला वार बहुधा समोरच्याच्या डाव्या कानशिलावर जात असेल. आम्ही त्याला तमाचा म्हणायचो. दुसरा उजव्या कानशिलावर, तो आमचा बाहेरा. तुमच्या बऱ्याच शाळांत बारावा वार डोक्यावर उतरतो, आमच्याकडे ते शिर. माणसाला हात दोन आणि खांदे दोन, त्यामुळे काठी फिरण्याच्या वाटाही सगळीकडे त्याच.

फरक आहे तो शिकवण्याच्या क्रमात, आणि तो तुझ्या फायद्याचा आहे. आमच्याकडे आधी जोर-बैठका, मग मल्लखांब, मग कुठे हातात लाकूड. वर्ष-दोन वर्षं अशीच जायची. अर्निसमध्ये पहिल्याच दिवशी काठी देतात, आणि हात काठीने फिरायला शिकला की तीच हालचाल काठी काढून रिकाम्या हाताने करून घेतात. म्हणजे काठीचं वळण एकदा खांद्यात मुरलं की हातात छत्री असो, बॅटरी असो, गुंडाळलेलं मासिक असो किंवा काहीच नसो, हात त्याच वाटेने जातो. करंबिटने शिकलेला हात करंबिटच शोधत बसेल. तू रात्री साडेआठला वसतिगृहाकडे चालत असशील, तेव्हा ते पर्सच्या तळाशी कंगवा आणि चार्जरच्या खाली पडलेलं असेल. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

अर्निसमधली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. समोरच्याच्या हातात हत्यार असेल तर त्याच्या अंगावर जायचं नाही, हत्यार धरलेल्या हातावरच मारायचं. सापाचे दात काढणं म्हणतात ते याला. पुढे आलेला हात हाच तुला सगळ्यात जवळचा, आणि काठीच्या लांबीमुळे तू तिथपर्यंत पोचतेस तरी तो तुझ्यापर्यंत पोचत नाही. मनगटावर एक नीट बसलेला वार, बोटं उघडतात, आणि तू पळायला मोकळी.

काठी वेताचीच घे. आपल्याकडे मेळघाटातला बांबू मुबलक म्हणून कुणी बांबूची देईल, ती नको. बांबू पोकळ असतो, आपटून आपटून उभा चिरतो आणि त्याच्या कामट्या सुरीसारख्या डोळ्यात जातात. वेत भरीव. तो फुटत नाही, तंतू तंतू होऊन केसाळ होतो. त्यावर कापडी पट्टी गुंडाळली की पुन्हा महिनाभर चालतो. दोघांनी जोरात खेळलं की आपटलेल्या जागेवर किंचित जळका वास येतो. पहिल्यांदा आला की घाबरू नकोस. लोक 28 इंचांची घेतात, जाडी साधारण इंचभर. तू उंचीने लहान आहेस, तेव्हा एक टोक बगलेत धर, हात लांब कर, दुसरं टोक तळहातात आलं की ती तुझ्या मापाची. खालून मूठभर जागा सोडून पकड. ते मोकळं राहिलेलं बुंध्याचं टोक अगदी अंगाशी आलेल्या माणसासाठी असतं. मी शिकत होतो तेव्हा मुलं त्याकडे दुर्लक्ष करायची. तू करू नकोस.

सरावाला जुना स्कूटरचा टायर छातीच्या उंचीवर टांग. रोज उजव्या हाताने शंभर, डाव्याने शंभर. डाव्या हाताचे शंभर चुकवायचे नाहीत, कारण उजव्या हातात बहुतेक वेळा पिशवी किंवा फोन असतो. जोडीदाराबरोबर खेळताना चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय काठी उचलायची नाही. आमचे उस्ताद तेल्हाऱ्याकडचे, फार कमी बोलायचे. मी काठीच्या टोकाकडे बघत बसायचो तेव्हा ते म्हणायचे, "काठीकडे काय पाह्यतं बापू, त्याच्या खांद्याकडे पाय." आधी खांदा हलतो, वार मागाहून येतो. हे कळायला मला सहा महिने लागले, तुला पत्रातून मिळतंय.

रस्त्यावर सोबत काय ठेवायचं, हा तुझा खरा प्रश्न. पावसाळ्यात लांब दांड्याची छत्री, घडीची नको. एरवी धातूची बॅटरी, मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर येईल एवढी. फिलिपिनो लोक अशाच मापाचं लाकूड मुठीत वापरतात, त्याला दुलो-दुलो म्हणतात. पण बॅटरीचा पहिला उपयोग मारायला नाहीच. अंधारात कुणी जवळ येतोय असं वाटलं की उजेड त्याच्या तोंडावर टाक. आपला चेहरा दिसला हे कळल्यावर पुष्कळ जण तिथूनच वळतात. मिरपुडीचा फवारा घेतलास तर हरकत नाही, मात्र एकदा मैदानात फवारून बघ. मे महिन्यात आपल्याकडे वारा कसा सुटतो तुला ठाऊक आहे. वाऱ्याच्या तोंडावर उभी राहून मारलास तर तो तुझ्याच डोळ्यांत येईल. 112 हा नंबर एका बटणावर लावून ठेव. आणि कुणी फक्त पर्सच मागत असेल तर देऊन टाक. पर्स दुसरी मिळते.

तुझी आई विचारत होती की हे सगळं शिकून पोरगी भांडखोर तर होणार नाही ना. मी तिला सांगितलं, ज्याच्या हाताला मार माहीत असतो तो हात उचलायला घाई करत नाही. मंडळात मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तूही वर्षभरात पाहशील.

येत्या शनिवारी तुझा मावसभाऊ अकोल्याला येतो आहे. त्याच्याबरोबर वेताच्या दोन काठ्या पाठवतो, तुझ्या मापाच्या कापून घेतल्या आहेत. दुसरी काठी तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीसाठी. एकटीने शिकू नकोस, आणि रात्री येतानाही दोघी मिळून येत जा. टायर आधी टांगून ठेव.

तुझा,
मामा

ता. क. काठ्यांना जवसाचं तेल लावलं आहे, हाताला लागेल. दोन दिवस वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव, मग वापर.