शरदातील तळे वाचावे, मगच रब्बी पेरावी



आश्विनात पाऊस उघडतो, सोयाबीनची मळणी सुरू होते आणि शेततळे काठोकाठ भरलेले दिसते. ते पाहून मन भरते आणि त्याच भरात पाच-सहा एकर गहू पेरण्याचा बेत ठरतो. पौषात गहू ओंबीवर असताना मात्र तळ्याचा तळ दिसू लागतो. मग बियाणे, खत आणि मजुरी हे तिन्ही अंगावर पडते. हे टाळता येण्यासारखे आहे. पाणी किती दिवस पुरेल हे तळे पेरणीपूर्वीच सांगत असते. फक्त ते अंदाजाने न पाहता मोजून पाहावे लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाणी साठवण्याची परंपरा जुनी आहे. सिंदखेडराजा येथील मोती तलाव व चांदणी तलाव ही जाधवांच्या काळातील त्याची उदाहरणे होत. अलीकडच्या काळात महामार्गाच्या कामासाठी लागणारी माती व मुरूम तलाव-नाल्यांतून काढून त्यांचे खोलीकरण करण्यात आले. ही पद्धत 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. तळी खोल झाली तरी साठलेल्या पाण्याचा हिशोब ज्याचा त्यानेच ठेवावयाचा असतो.

पाण्याचा रंग पाहा

पावसाळ्यात काळ्या मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, म्हणून पाणी गढूळ दिसते. वाहून येणारे पाणी थांबले की गाळ हळूहळू खाली बसतो व पाणी निवळते. ऊन खोलवर पोचते आणि पाण्याला हलका हिरवा रंग येतो. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तेवढ्या खोलीवर तळहात दिसेनासा होत असेल तर हिरवेपणा योग्य समजावा. त्याआधीच दिसेनासा झाला तर शेवाळ फार वाढले आहे. अशा तळ्यात मासे सोडले असल्यास शेणखत टाकणे थांबवावे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे असे समजून ताजे पाणी सोडावे आणि खाद्य बंद ठेवावे.

मोजपट्टी व घमेले

१) एका सरळ लाकडावर दर सेंटिमीटरला रंगाने खुणा कराव्यात व ते तळ्यात पक्के रोवावे. तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असल्यास लाकूड न रोवता काठावरील उतारावरच खुणा कराव्यात.

२) पाऊस उघडल्यावर दर आठ दिवसांनी, ठरलेल्या वेळी, पातळी वहीत लिहावी. मध्येच पाऊस झाल्यास किंवा पाणी उपसल्यास तशी नोंद करावी.

३) काठाजवळ उन्हात पाण्याने भरलेले घमेले ठेवावे व आतून खूण करावी. जनावरे तोंड घालणार नाहीत अशी काट्यांची वई करावी. घमेल्यातील घट म्हणजे साधारणपणे बाष्पीभवन. तळ्यातील घट त्याहून जितकी जास्त, तितके पाणी जमिनीत मुरते आहे.

पाझर जास्त असल्यास पुढील उन्हाळ्यात अस्तर टाकण्याचा विचार करावा. बाष्पीभवन जास्त असल्यास वाऱ्याच्या दिशेला झाडांची किंवा तुराट्यांची आड उपयोगी पडते.

हिशोब कसा करावा

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा, १:१ उताराच्या शेततळ्यात भरलेले असताना सुमारे २१.९६ लाख लिटर पाणी मावते. समजा, रोजची घट १.२ सेंटिमीटर आहे. ४५ दिवसांत पातळी ५४ सेंटिमीटरने उतरेल व सुमारे ४.७ लाख लिटर पाणी कोणत्याही पिकाला न मिळता जाईल. तळातील अर्धा मीटर पाणी गाळामुळे उपसता येत नाही असे धरले, तर हाती सुमारे १४ लाख लिटर राहते.

एक एकराला ५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यावयाचे म्हणजे साधारण २ लाख लिटर लागतात. याचा अर्थ, या तळ्यावर ७ एकर हरभऱ्याला एक संरक्षित पाणी देता येते. गव्हाला पाच पाणी द्यावयाचे झाल्यास तेच तळे जेमतेम १.४ एकराला पुरते. तळे तेच, पण पेरा चुकला की सुमारे साडेपाच एकरांचा फरक पडतो.

एकच पाणी असेल तर हरभऱ्याला ते फुलोऱ्यात, ४० ते ४५ दिवसांनी द्यावे. गव्हाला एकच पाणी देणे शक्य असल्यास ४० ते ४२ दिवसांनी, दोन असल्यास २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. पाणी तुषार संचाने द्यावे. मोकाट पाण्याने वरील हिशोब कोलमडतो. घट याहूनही जास्त असेल तर काही क्षेत्र करडईखाली ठेवावे.

पक्षी, चतुर व धुके

ऑक्टोबरपासून काठावर शेपटी हलवीत फिरणारे धोबी पक्षी व तुतवार दिसू लागतात. मोठ्या तलावांवर चक्रवाकही उतरतात. पक्षी वाढले म्हणजे पाणी वाढले असे मात्र नाही. पातळी उतरून चिखल उघडा पडतो आणि त्यातील किडे टिपण्यासाठी हे पक्षी येतात. काठावरील गर्दी ही पाणी मागे सरकल्याचीही खूण असते.

पावसाच्या शेवटी शेतावर घोंगावणारे पिवळसर चतुर अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मांडले, की हे चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. चतुर लहान किडे व डास खातात, म्हणून तळ्याकाठी विनाकारण फवारणी करू नये.

कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे तळ्यावर वाफेसारखे धुके दिसते. हवा थंड झालेली असते, पाणी तुलनेने कोमट असते. त्यामुळे वर येणारी वाफ थंड हवेत दिसू लागते. थंडीत तळे आटत नाही, हा समज बरोबर नाही. घट ऑक्टोबरपेक्षा कमी होते, पण थांबत नाही. म्हणून नोंदी थंडीतही चालू ठेवाव्यात.

खारपाणपट्ट्यातील काळजी

पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला व खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. आपले शेततळे लोणार नव्हे. तरीही पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पातळी बरीच उतरल्यावर, पिकाला देण्यापूर्वी पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. तेथे विहिरीचे खारे पाणी शेततळ्यात सोडू नये. पावसाचे गोडे पाणी हीच त्या तळ्याची खरी किंमत आहे.

वही जपून ठेवावी. पहिल्या वर्षी ती या हंगामाचा पेरा ठरवील. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या तळ्याचा स्वभाव कळेल. पुढच्या आश्विनात तळे पुन्हा भरलेले दिसेल, तेव्हा पाभर जुंपण्यापूर्वी एकदा वही उघडून पाहावी.